रेडियमवाल्या पंढरीची चिप आणि आयचा बोंबील

पंढरीसमोर 'हे जमायचं नाही' असं चुकूनसुद्धा बोलू नका. मी बोलले, आणि पुढचे बारा दिवस माझ्या डोक्याला जो ताप झाला तो माझा मलाच माहीत. पण ते बारा दिवस परत देतो म्हणालं कुणी, तर मी धावत जाऊन घेईन, हेही आत्ताच सांगून टाकते.

बोईसरला रिक्षा स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान. दुकान कसलं, दोन दुकानांच्या मध्ये उरलेली फट! पंढरी आत बसला की गिऱ्हाइकाने बाहेर उभं राहायचं. नंबरप्लेट, रिक्षावरचे रेडियमचे देव, ट्रकमागची शायरी, क्रिकेटच्या ट्रॉफ्या, आधार कार्डाचं लॅमिनेशन, सगळं तिथे. आमच्या चिंचणीच्या निम्म्या बोटींवरची नावं त्याच्याच मशीनने कापलेली. गडी मूळचा पारनेरकडचा. एमआयडीसीत पॅकिंगला लागला होता. खोक्यांवरची वाकडी लेबलं त्याला बघवत नव्हती, म्हणून रोज सुपरवायझरशी भांडायचा. तिसऱ्या वर्षी नोकरी सोडली आणि लेबलं कापायचं मशीनच घेऊन बसला. आता चाळिशी आली, पोट सुटलं, तरी काम मनासारखं उतरलं की भर रस्त्यात टाळी वाजवतो.

मी हेमांगी. पालघरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. जीभ तिखट आहे म्हणतात. असेल. आयवर गेलेय. माझी आय हंसा, चिंचणीहून मासळी आणून बोईसरच्या एका कॉलनीच्या गेटवर बसते. मंगळवार, शुक्रवार, रविवार, अशी तीस वर्षं. माझी फी त्या गेटवरून भरली गेली, आणि बाबा गेल्यावर घरही त्याच गेटवर चाललं.

तर एके दिवशी कॉलनीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. मासळी टिकावी म्हणून कोळी लोक ती फॉर्मालिनमध्ये बुडवतात म्हणे! फॉर्मालिन म्हणजे मुडदे टिकवायचं औषध. व्हिडिओ कुठला, कधीचा, कुणाला पत्ता नाही. पण गिऱ्हाईक असं आटलं की विचारू नका. एकट्या इंदुबाई तेवढ्या यायच्या. त्या कॉलनीतल्या सर्वांत जुन्या, साताऱ्याकडच्या, आणि आयच्या हातचे बोंबील खाऊनच कोकणी झालेल्या. सोसायटीचे सेक्रेटरी विक्रमसाहेब, त्यांनी नोटीस लावली : बारा दिवसांनी, रविवारी सकाळी सभा. गेटवर मासळी बसू द्यायची की नाही, त्याचा निकाल.

"आमी काय मुडद्यांचा धंदा करतो?" आय नोटिशीसमोर उभी राहून कडाडली. वॉचमन बिचारा दोन पावलं मागे सरकला.

मी विक्रमसाहेबांकडे गेले. म्हटलं, मी मासे लॅबमध्ये तपासून रिपोर्ट आणते. माणूस वाईट नाही, पण नियमाचा पक्का. म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट तुम्ही देणार, मासे तुमच्या आईचे. लोकांना इथे, गेटवर, स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

बोलले ते खरंच होतं, म्हणून जास्त राग आला.

आमचे शैलेश सर वर्गात एक गोष्ट शिकवतात. नखाएवढ्या काचेत किंवा प्लास्टिकमध्ये बारीक वाटा कोरायच्या, वाटेत औषध वाळवून ठेवायचं, तोंडाशी एक थेंब सोडायचा. थेंब आपोआप आत शिरतो, औषधाला भेटतो आणि रंग बदलतो. अख्खी लॅब तळहातावर! त्याला चिप म्हणतात. पण बाहेरून मागवायची तर किंमत ऐकूनच आमचं कॉलेज पाणी मागतं. हाच विचार डोक्यात घोळवत मी स्कूटीची नंबरप्लेट घ्यायला पंढरीकडे गेले, आणि त्याचं मशीन टिकलीएवढ्या अक्षरांत कुणाचं तरी नाव कापताना बघितलं.

"पंढरीभाऊ, यावर एक मिलिमीटर रुंदीची गल्ली कापता येईल का? पण जाऊ दे, हे जमायचं नाही."

झालं! त्याने मान वर केली. "ताई, एक मिलिमीटरमध्ये मी 'आई-बाबांचा आशीर्वाद' लिहून देतो. तुमी फक्त काढून दाखवा काय पायजे ते."

मी नंबरप्लेटच्या पावतीमागे कोंबडीच्या पायासारखं चित्र काढलं. मागे एक तोंड, पुढे तीन बोटं. मधल्या बोटात फॉर्मालिन भेटलं की लाल होणारं औषध. डाव्या बोटात औषध आणि शिवाय किंचित फॉर्मालिन आधीच घातलेलं, म्हणजे ते लाल व्हायलाच हवं. नाही झालं तर औषध मेलेलं समजायचं. उजव्या बोटात काहीच नाही, फक्त मासळीच्या पाण्याचा स्वतःचा रंग. मधलं बोट कोरं राहिलं की मासळी चांगली.

पंढरीने दुकानातलंच सामान काढलं. खाली पारदर्शक शीट, वर पारदर्शक शीट, मध्ये दोन्हीकडून चिकटणारी टेप. गल्ल्या टेपमध्ये कापायच्या, म्हणजे टेपची जाडी तीच गल्लीची खोली. वरच्या शीटला थेंबासाठी एक भोक आणि बोटांच्या टोकाला हवा जायला तीन. मग सगळं लॅमिनेशनच्या मशीनमधून एकदा दाबून काढायचं. काडेपेटीएवढी चिप, आणि खर्च? कटिंग चहाहून कमी! मला नाचावंसं वाटत होतं.

पण थेंब आत शिरेना. भोकावर गोल टम्म फुगून बसायचा, आणि आत जायचं नाव नाही. कधी शिरला तर वळणावर बुडबुडा अडकायचा. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. पंढरी म्हणाला, "वळण टोकदार आहे, तिथं पातं ओढतं. नंबरप्लेटच्या आठासारखं गोल करू." केलं. बुडबुडे कमी झाले, पण थेंबाचा हट्ट तोच. तिसऱ्या दिवशी मी चिडून तीस चिपा कचऱ्यात फेकल्या. त्याने गुपचूप उचलून परत डब्यात भरल्या.

चौथ्या दिवशी दुपारी लॅबमध्ये फोन. "ताई! पळतंय! पाणी पळतंय!" मागे रिक्षावाल्यांचा नुसता गलका.

अर्धी रजा टाकून गेले. दुकानासमोर आठ-दहा रिक्षावाले वाकून उभे. पंढरीने लाल शाईचा थेंब सोडला, आणि काय सांगू! सर्रकन तिन्ही बोटांत! 'ओ तेरी' म्हणत एका भय्याने टाळी दिली. अंगावर काटा आला माझ्या. अठरा वर्षं लॅबमध्ये काढली, पण असं कधी झालं नव्हतं.

"काय केलंत वेगळं?"

"काय नाय. कालच्यासारखंच."

"खरं सांगा."

तो ओशाळला. मी त्याला बजावलं होतं, प्लास्टिक कोरं ठेवा, काही लावू नका. पण रेडियमवाल्याचा हात तो! काचेवर किंवा पत्र्यावर काही चिकटवायचं तर आधी साबणाच्या पाण्याचा बोळा फिरवायची सवय, म्हणजे स्टिकर सरकवता येतो आणि हवा काढता येते. घाईत त्याने शीटवरही बोळा फिरवला होता. वाळलेल्या साबणाचा तो अदृश्य थरच पाण्याला आत ओढत होता. माझं सगळं शिक्षण एकीकडे आणि त्याचा बोळा एकीकडे! मी त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि हसत सुटले. साबणाने रंगात खोट येत नाही ना, ते लॅबमध्ये तपासलं. येत नव्हती. औषध हाताला लागू नये म्हणून ते भरायचं काम सरांच्या देखत मीच करायचे.

मग मासळी. आय रोज सकाळी डबा भरून द्यायची. पापलेट, सुरमई, घोळ, रावस. एकेक तुकडा पाण्यात हलवायचा, त्या पाण्याचा थेंब चिपवर. डावं बोट लाल, मधलं कोरं. प्रत्येक वेळी कोरं! पंढरी प्रत्येक वेळी टाळी वाजवायचा.

शुक्रवारी, सभेच्या दोन दिवस आधी, आम्ही गेटवर टेबल मांडलं. विक्रमसाहेब खुर्ची घेऊन बसले. पंधरा-वीस बायका, चार पुरुष, पोरांची फौज. पापलेट कोरं. सुरमई कोरी. लोक पुढे सरकायला लागले, 'अरे वा' व्हायला लागलं. आयची मान ताठ झाली. आणि आमच्या इंदुबाई, कौतुकाने अगदी भरून आलेल्या, म्हणाल्या, "माझ्या लाडक्या बोंबलाचंही करा की!"

टोपलीतला बोंबील त्यांनी स्वतः उचलला. थेंब सोडला. डावं बोट लाल झालं, आणि मधलंही. चांगलं भडक.

पुढे सरकलेले लोक मागे झाले. मग एकजण म्हणाला, "बघितलं?" आणि जो तो आपापल्या जिन्याकडे वळला. विक्रमसाहेबांनी खुर्ची उचलली. म्हणाले, "रविवारी बोलू." इंदुबाई तिथेच बोंबील हातात धरून रडायला लागल्या.

टेम्पोत आय, मी आणि पंढरी. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आणि मी ते विचारलं, जे आयुष्यात विचारायला नको होतं.

"आय, खरं सांग. कुणी काही टाकलं का बोंबलात? बर्फवाल्याने, कुणीतरी?"

आयने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "जाल्यातून माज्या टोपलीत आलाय तो बोंबील. मदी कोनाचा हात नाय. तीस वर्सं त्या गेटवर लोकांनी इश्वास ठेवला. आज तू प्लास्टिकवर ठेवलास."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बोलला तो पंढरी. "मावशी, चिप खोटं बोलत नाही. आणि तुमीबी खोटं बोलत नाही. मग तिसरंच काहीतरी आहे. एक सांगा, इतक्या दिवसांत तुमी डब्यात एकदाही बोंबील का नाही दिला?"

आय त्याच्यावरच डाफरली. "पाव्हन्याला बोंबील देतात का रे? मोठ्या कालेजात तपासायला जायचा, सायबं बघनार. तिथं पापलेट द्यायचं का पानचट बोंबील? लोक काय बोलतील!"

मी कपाळावर हात मारला. आमच्यात पाहुण्याच्या ताटात सगळ्यात चांगला मासा पडतो. आयने कॉलेजचाही पाहुणचार केला होता! आणि मी, कोळ्याची पोर, रोज डबा उघडत होते, मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्याच संध्याकाळी सरांना फोन लावला. सर म्हणाले, "अगं, बोंबलाच्या अंगात ते मेल्यावर आपोआप तयार होतं. पुस्तकात आहे. जितका शिळा, तितकं जास्त." म्हणजे कुणी टाकलं नव्हतं! मी आनंदाने ओरडले. पण पंढरी म्हणाला, "पुस्तक कॉलनीत कोण वाचणार? दाखवावं लागेल. जाळ्यातून निघाल्यापासून दर तासाला एक चिप. माझ्याकडे सत्तर तयार पडल्यात, तुमीच औषध भरलेल्या." महागाची चिप असती तर एकच करून हात जोडून बसलो असतो. इथे सत्तर होत्या!

आता बोटीवर जायचं कुणी? आमच्याकडे मासेमारीच्या बोटीवर बाई चढत नाही. माझा चुलतभाऊ देवू, त्याचीच बोट, तरी म्हणाला, "ताय, तू नको, म्हातारे बोंब मारतील." त्याच्याशी मी भांडले ते वेगळंच. शेवटी गेला पंढरी! ज्याने जन्मात विहिरीपलीकडे पाणी बघितलं नव्हतं तो पारनेरचा पंढरी, शनिवारी सकाळी छातीशी डबा धरून बोटीत चढला. देवू सांगतो, किनारा सुटला आणि ह्याने ओकायला सुरुवात केली. जाळं वर आलं तेव्हा हा आडवा. पण पहिला बोंबील फळीवर पडला आणि गडी उठून बसला. एका हाताने काठ धरायचा, दुसऱ्या हाताने थेंब सोडायचा, मध्येच वाकून ओकायचा, परत चिपवर वेळ लिहायचा. अक्षर मात्र छापल्यासारखं!

दुपारी किनाऱ्यावर उतरला तो दोघांच्या खांद्यावर. चेहरा हिरवा पडलेला, आणि ओठांवर हे एवढं हसू. "ताई, चढतंय! पायरी-पायरीनं चढतंय!" उरलेले तास आम्ही आयच्या अंगणात मोजले. संध्याकाळी त्याने पुठ्ठ्यावर तासाला एक खाना पाडून चिपा ओळीने लावल्या. एका ओळीत उन्हातला बोंबील, दुसरीत बर्फातला, तिसरीत मांदेली. जाळ्यातून निघाल्याबरोबर बोंबील जवळजवळ कोरा, ती चिप ओळीबाहेर वेगळी लावलेली. मग तासागणिक किंचित गुलाबी, गुलाबी, लालसर. उन्हातला संध्याकाळपर्यंत लालभडक, बर्फातला हळूहळू मागून येणारा. मांदेली शेवटपर्यंत कोरी. शुक्रवारचा आमचा बोंबील आदल्या दिवशीचा होता, हेही आयने स्वतःच सांगितलं.

आय पुठ्ठ्यापुढे बराच वेळ उकिडवी बसून होती. लिहिता-वाचता येत नाही तिला. पण एकेका खान्यावर बोट ठेवत गेली, दोनदा, तीनदा, आणि मग म्हणाली, "समजलं."

रविवारी दहाला सभा. क्लब हाऊस गच्च भरलेलं. पंढरीने पुठ्ठा भिंतीला लावला आणि बोलायला उभा राहिला. नंबरप्लेटवाला, पण काय बोलला! दोन वाक्यांत सगळं समजलं लोकांना. तरी विक्रमसाहेबांनी विचारायचं ते विचारलंच. "म्हणजे बोंबलात ते असतं, हे तुम्ही कबूल करता. मग सोपं आहे. बोंबील बंद करा, बाकी मासळी विका. जागा तुमची."

माझ्या मनात आलं, मिटलं एकदाचं. घे म्हणावं जागा.

आय उठली. "बोंबील बंद नाय करनार. बोंबील बंद केला तर मी चोरी कबूल केली असा अर्थ व्हतो. चोरी मी केली नाय. बोंबील शिळा आनला, ती माजी चूक हाय. आता ज्या दिवशीचा त्याच दिवशी आनीन, बर्फात. आजचा आनलाय. सकाली साडेसहाला जालं वर आलं. साडेदहा झालं. चार तास." तिने उठून बर्फाच्या ओळीतल्या चौथ्या खान्यावर बोट ठेवलं. "लावा तुमचं प्लास्टिक. कोरं नाय येनार. हा असा रंग येनार."

इंदुबाई लगबगीने उठल्या. साडेसहाला देवूने जाळं ओढताना त्यांना व्हिडिओ कॉल लावला होता. तो कितीला आला, ते त्यांनी फोनवर सगळ्यांना दाखवलं.

पंढरीने नवी चिप विक्रमसाहेबांच्या हातात दिली. साहेबांनी स्वतः बोंबील निवडला, स्वतः थेंब सोडला. दोन मिनिटं लागतात. दोनशे माणसं माना उंचावून बघत होती!

घड्याळाकडे बघत साहेब मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही लॅबमधल्या. चौथ्या खान्यासारखाच रंग येईल, याची खात्री देता?"

"देते."

"चिपची?"

"चिपची पंढरीभाऊ देतील," मी म्हटलं. "मी आयची देते."

आयने मान वळवून माझ्याकडे बघितलं. शुक्रवारनंतर पहिल्यांदा.

डावं बोट लाल झालं. मग मधल्या बोटात फिकट गुलाबी छटा उतरायला लागली, थोडी चढली आणि थांबली. विक्रमसाहेब चिप घेऊन पुठ्ठ्याकडे गेले. तिसऱ्या खान्याला लावली, मग पाचव्याला, मग चौथ्याला. चष्मा काढला, पुसला, परत बघितलं.

"चौथंच आहे," ते म्हणाले.

पंढरीने अशी टाळी वाजवली की मागचं एक बाळ दचकून रडायला लागलं. मग सगळं क्लब हाऊस टाळ्यांनी दणाणलं, आणि मी भर सभेत हमसून हमसून रडले. साहेबांनी तिथेच वहीत लिहिलं : जागा कायम, बोंबील त्याच दिवशीचा, चिप गेटवर राहील.

आय केव्हाच बाहेर जाऊन टोपलीपाशी बसली होती. इंदुबाईंनी तिच्यापुढे पातेलं धरलं, त्यांच्यामागे सात-आठ बायकांची रांग. आयने विळी ओढली, पदर खोचला आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं, "साफ करून देऊ, का तशेच?"